धुऊन काढलेला साक्षीदार

१

माझ्या टेबलावर लोकांनी आजवर काय काय आणून ठेवलंय ते सांगितलं तर तुमची भूक मरेल. मी पोटाची डॉक्टर. बाटल्या, डब्या आणि मोबाइलमधले नको ते फोटो बघायची मला सवय आहे. पण त्या सकाळी एका बाईंनी माझ्यापुढे जी काचेची बरणी ठेवली, तिच्या झाकणाला चिकटपट्टीचे इतके वेढे दिले होते की मला वाटलं, आत काहीतरी जिवंत असावं. आत भाज्यांचं सूप होतं.

"यात विष आहे," बाई म्हणाल्या. "माझी वहिनी माझ्या वडिलांना रोज थोडं थोडं देतेय."

बाई शाळेत खेळ शिकवायच्या. शाळेतून थेट आल्या होत्या, शिट्टी अजून गळ्यातच होती आणि बोलणंही कवायतीचे हुकूम सोडल्यासारखं. वडील भावाकडे राहतात, त्यांनी सांगितलं. गेलं वर्षभर त्यांचं पोट फुगतं, गुरगुरतं, कळा येतात, धावत संडास गाठावा लागतो. माणूस वाळून काटकी झालाय. पण बाईंकडे राहायला आले की दुसऱ्या दिवसापासून ठणठणीत. भावाकडे परत गेले की पुन्हा तेच. तिथे स्वयंपाक कोण करतं? वहिनी. आणि वडिलांची खोली रिकामी झाली तर तिथे कोण येणार? वहिनीची आई.

मी म्हटलं, मग पोलिसांत जा, माझ्याकडे कशाला आलात? त्या म्हणाल्या, जाणारच आहे, पण तिथे डॉक्टरचं मत विचारतील, तेवढं लिहून द्या. 'तेवढं लिहून द्या' हे तीन शब्द ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. जे पोट मी बघितलं नाही त्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, असं मी स्वच्छ सांगितलं. बाई उठल्या आणि बाहेर बसवून ठेवलेल्या वडिलांना हाताला धरून आत घेऊन आल्या.

म्हातारबुवा उभा जन्म दातांच्या कवळ्या बनवत होते आणि सगळे त्यांना कवळीवाले म्हणूनच ओळखायचे. त्यांचे स्वतःचे दात मात्र सगळे जागच्या जागी. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि मी झोपेत दात खाते का, असं विचारलं. खाते, पण ते त्यांना सांगायची मला काही गरज वाटली नाही. मी त्यांना तपासलं. पोट मऊ होतं, गाठ नव्हती, ताप नव्हता. मोठ्या हॉस्पिटलात सगळं करून झालं होतं. रक्त चांगलं, दुर्बीण घालून बघितलेलं आतडं चांगलं. दूध पचतं की नाही हे बघायची श्वासाची तपासणीसुद्धा झाली होती, आणि तिच्यातही काही निघालं नव्हतं.

मला खरं तर पहिल्यापासून दुधाचाच संशय होता. अशी पोटं मी खंडीने बघितली आहेत. पण श्वासाची तपासणी दुधाला निर्दोष सोडून मोकळी झाली होती.

"दूध नाही, आजार नाही," मुलगी म्हणाली. "मग उरलं काय, तुम्हीच सांगा."

मी आठवडाभर मागून घेतला आणि त्यांनी तो नाखुशीने दिला.

२

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. हा विमा कंपनीच्या वतीने नुकसानीची पाहणी करायचा. म्हणजे कुणाचं दुकान जळालं की ते आपोआप जळालं की मालकाने जाळलं, हे शोधायचं. असं काम करून माणसाचा कशावरच विश्वास राहत नाही की काय कोण जाणे. तो इकडचं तिकडचं बोलत राहिला आणि शेवटी मान खाली घालून म्हणाला की बायकोच्या हातचं अन्न त्याने गुपचूप लॅबमध्ये तपासायला दिलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी काही सापडलं नाही.

मग आता बायको कुठे आहे, मी विचारलं. तर माहेरी. यानेच तिला थोडे दिवस जा म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, लॅबला काही सापडलं नाही ना? त्यावर हा गृहस्थ म्हणतो, लॅबने जे शोधलं ते नव्हतं, जे शोधलंच नाही ते असू शकतं. मी पाणी प्यायले, म्हणजे तोंडातून काही भलतं बाहेर पडायला नको.

संध्याकाळी सून आपणहून आली. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ताठ बसली, विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. दूध घालता का कशात? नाही, बाबांना दुधाचा वासही आवडत नाही, सासूबाई होत्या तेव्हापासून त्यांचा चहा कोरा आणि भाजीला नुसतं तेल. लोणी, चीज, काही नाही. मी शंभर प्रकारे फिरवून विचारलं आणि ती न चिडता तेच सांगत राहिली.

मग तिने एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून मी पेन खाली ठेवलं. मध्यंतरी तिच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती काही दिवस घरी नव्हतीच. बापलेक दोघेही बाहेरून जेवण मागवत होते. त्या दिवसांतही बाबांचं पोट रोज बिघडत होतं.

"हे तुम्ही नवऱ्याला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, जाताना मिठात काही मिसळून गेली असशील."

एवढं बोलून ती थांबली. मला वाटलं आता रडेल, पण नाही. ती म्हणाली, "उद्या पोलिसांत माझं नाव गेलं तर दुकानातून मला काढतील. तेही सोसेन. पण ज्या घरात लग्न करून आले, त्या घरात माझ्या हातच्या पाण्यालाही लोक घाबरणार असतील तर मी जाऊ कुठे?"

मला तिचं फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून कोणी सुटत नसतं. ती खरं बोलत असेल तर विष तिच्या स्वयंपाकात नव्हतं. मग ते कुठे होतं?

३

मी कवळीवाल्यांना एकट्याला बोलावलं. लेकीला बाहेर बसवलं, ते तिला मुळीच आवडलं नाही. त्यांना म्हटलं, काका, मला सगळं अगदी पहिल्यापासून सांगा, हॉस्पिटलात काय काय केलं तेही.

म्हातारा माणूस, ऐकणारं कोणी मिळालं की खुलतो. पोट दुखतं ते नेहमी सकाळी, दुपारच्या जेवणाच्या बरंच आधी, हे त्यांनी सांगितलं. जेवणानंतर उलट जरा बरं वाटतं. मग गाडी हॉस्पिटलच्या गोष्टीवर आली. दुर्बीण घालायच्या आधी त्यांना कसलंसं खारट पाणी पाजलं होतं, तांब्यावर तांबे.

"डॉक्टरबाई, पार धुऊन काढलं हो मला. आतडं म्हणजे मांजून ठेवलेलं भांडं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणतात, आता या नळीत फुंका."

"दुसऱ्या दिवशीच?"

"हो ना. अंगात फुंकायलासुद्धा त्राण नव्हतं."

मी तिथल्या तिथे त्या हॉस्पिटलला फोन लावला. तपासण्यांच्या वेळा देणारी बाई मोठ्या कौतुकाने म्हणाली की वयस्क माणसांना आम्ही एका मुक्कामात सगळं उरकून देतो, आज दुर्बीण, उद्या श्वास, बिचाऱ्यांचे हेलपाटे वाचतात. नळीत फुंकायला लावणाऱ्या नर्सला वाटायचं, वेळ देणारीने विचार केला असेल. वेळ देणारीला वाटायचं, चालत नसतं तर कोणी बोललंच असतं. हेतू चांगला होता. पण घोळ तिथेच होता.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम यातच आहे. दुधात एक साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. ती फोडायला लहान आतड्यात एक पाचकरस लागतो, लॅक्टेज. तो कमी पडला की साखर न पचता खाली मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात. त्यातून वायू तयार होतो, पोट फुगतं, कळा येतात. त्या वायूतला थोडा हायड्रोजन रक्तात मिसळून श्वासावाटे बाहेर पडतो. तपासणीत ही साखर पाण्यातून पाजतात आणि श्वासातला हायड्रोजन वाढतो का ते बघतात. म्हणजे साक्ष देतात ते जंतू. आणि या लोकांनी जंतू आदल्याच दिवशी धुऊन काढले होते. साक्षीदार गेला वाहून, आणि कोर्ट म्हणालं, कोणी काही बोललं नाही तेव्हा आरोपी निर्दोष.

मी मुलीला आत बोलावून हे सांगितलं. तिने मान हलवली.

"शक्यच नाही. मी रोज तांब्याभर दूध पिते. दादा पितो. आई प्यायची. आमच्या रक्तातच आहे ते."

रक्तात आहे हे खरंच होतं, पण कोणाच्या? तान्ह्या बाळांना दूध पचतंच. पुढे जगातल्या बहुतेक माणसांत हा रस हळूहळू कमी होत जातो आणि त्यात रोग वगैरे काही नसतो. काहींच्या जनुकांत मात्र एक छोटासा बदल असतो, तो हा रस मोठेपणीही चालू ठेवतो. प्रत्येकाला जनुकाची एक प्रत आईकडून मिळते आणि एक बापाकडून. दोन्हीपैकी एका प्रतीत तो बदल असला तरी दूध पचायला पुरतो. या दोघा भावंडांना तो आईने दिला असेल तर वडिलांकडे तो असायलाच हवा असं कुठेय?

श्वासाची तपासणी पुन्हा करायची तर जंतू नीट वस्तीला येईपर्यंत काही आठवडे थांबणं भाग होतं. बाई थांबायला तयार नव्हत्या. तेव्हा मी म्हाताऱ्याच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतला. जनुकं कितीही खारट पाणी पाजलं तरी धुऊन जात नाहीत. निकाल आला. नेहमी सापडणाऱ्या बदलांपैकी एकही म्हाताऱ्याच्या कुठल्याच प्रतीत नव्हता.

बाईंनी निकालाचा कागद वाचला, पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं दूध आईचं." दुसऱ्या तपासणीपर्यंत पोलिसांत जाणार नाही, असं त्यांनी कबूल केलं. वडील तोवर त्यांच्याकडेच राहिले आणि अर्थातच ठणठणीत राहिले.

४

जनुकाचा निकाल नुसता कल सांगतो. बदल नसलेली कितीतरी माणसं पेलाभर दूध सहज पचवतात. तेव्हा या माणसाचं हे दुखणं दुधाचंच आहे हे दाखवायला त्याचा श्वासच हवा होता.

ठरल्या दिवशी कवळीवाले उपाशीपोटी आले. मी साखरेचं पाणी दिलं. ते म्हणाले, फारसं गोड नाही, आणि नळीत फुंकत बसले. सुरुवातीला आकडा जागचा हलेना. ते मला दात नीट घासायची पद्धत समजावून सांगत होते. मग आकडा चढू लागला. पुढच्या फुंकीला आणखी चढला. म्हाताऱ्याचं बोलणं बंद झालं. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि कपाळाला घाम आला.

"हेच," ते म्हणाले. "डॉक्टरबाई, हेच ते. रोज सकाळचं."

ते संडासाकडे पळाले आणि मी, सांगायला लाज वाटते, पण आनंदाने टेबलावर थाप मारली.

दुपारी मी मुलाला आणि सुनेला बोलावून घेतलं. मुलगी होतीच. सून दाराजवळच्या खुर्चीत बसली, नवऱ्यापासून लांब. मी आकडे दाखवले. विषबिष काही नाही, म्हाताऱ्याच्या पोटात रोज दुधातली साखर जातेय, बस्स एवढंच. मला वाटलं होतं, सगळे सुटकेचा श्वास सोडतील.

मुलगी उठून उभी राहिली. "पण बाबा दूध घेतच नाहीत. त्यांना वासही सोसत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे कोणीतरी लपवून घालतंय. रोज." आणि तिने वहिनीकडे बघितलं. मुलानेही बघितलं.

सुनेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिला सोडवायला निघालेली मी, पण आता फास माझ्याच हातून आवळला जात होता.

५

मी सगळ्यांना बसायला सांगितलं. जरा मोठ्यानेच सांगितलं असावं, कारण मुलगीही बसली.

मी म्हटलं, आता माझं ऐका. दुखणं सकाळी येतं, दुपारच्या जेवणाच्या आधी. म्हणजे दुपारच्या आणि रात्रीच्या स्वयंपाकाचा त्याच्याशी संबंध नाही. सून माहेरी होती, जेवण बाहेरचं होतं, तरी दुखलं. म्हणजे सुनेच्या हाताचा संबंध नाही. मिठात मिसळलं म्हणाल, तर एवढं दुखायला चिमूटभर पुरत नाही, चांगली मूठभर दुधाची पावडर लागते, आणि तेवढी मिठात मिसळली तर अन्न अळणी लागेल. उरलं काय? जे सकाळी पोटात जातं, काका स्वतः घेतात, आणि ज्याला ते जेवण समजत नाहीत. कारण काय जेवता म्हणून सगळ्यांनी विचारलं. मीही तेच विचारलं. आणि त्यांनी खरं तेच सांगितलं.

शिवाय लेकीकडे पोट ठणठणीत असतं, म्हणजे ती वस्तू मुलाच्या घरी आहे आणि लेकीच्या घरी जाताना काका ती बरोबर नेत नाहीत. रोजची, सवयीची वस्तू माणूस मागे का ठेवतो? लेकीकडे जाताना लेकीनेच दिलेलं कोणी परत घेऊन जात नाही म्हणून.

कवळीवाल्यांनी हळूच मुलीकडे बघितलं.

"ते?" मुलगी म्हणाली. "ते तर ताकदीचं पीठ. मीच करून देते. दूध कुठंय त्यात?"

"काय काय घालता?"

"भाजलेले ओट्स, बदाम, कोको..." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि दुधाची पावडर. पण ती साय काढलेली, डॉक्टर, कोकोपुढे तिचा वासही येत नाही. नुसतं प्रोटीन असतं त्यात."

साय काढल्याने जातं ते तूप. साखर जात नाही. त्या पावडरीत जवळजवळ निम्मी साखरच असते, तीच ती, लॅक्टोज. हे मी सांगितलं, आणि सांगताना मला तिच्याकडे बघवेना.

हळूहळू सगळं बाहेर आलं. आई गेल्यावर वडील खंगले, म्हणून तिने पीठ द्यायला सुरुवात केली. वहिनीला सांगू नका, तिला वाटेल माझा तिच्या स्वयंपाकावर भरवसा नाही, असंही तिनेच बजावलं होतं. म्हातारा इमानदार. डबा कपाटात, कवळ्यांच्या जुन्या साच्यांच्या मागे. सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचं, गरम पाण्यात कालवायचं आणि पेला विसळून ठेवायचा. स्वतःच्या घरी ती त्यांना अंडी-मासे करून वाढायची, तिथे पिठाची गरजच नव्हती. आणि मुलाकडे ते जसजसे वाळत गेले तसतसे पिठाचे चमचे वाढत गेले.

"म्हणजे मीच," मुलगी म्हणाली. भरल्या मैदानावर ओरडणारी ती बाई, पण हे तिच्या तोंडून जेमतेम ऐकू आलं. कवळीवाले तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, वेडी कुठली, असं काहीतरी पुटपुटत.

मुलगा उठला, घसा खाकरला आणि बायकोला म्हणाला, "चला, झालं एकदाचं. घरी जाऊ या."

ती उठली नाही.

"तुम्ही माझं अन्न तपासायला पाठवलंत ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्यात काही निघालं नाही हेही कळलं. त्या दिवशी मी माहेरी बॅग भरून तुमच्या फोनची वाट बघत बसले होते."

विम्याचा माणूस पुन्हा खुर्चीत बसला. मी सहसा पेशंटच्या घरच्या भानगडीत पडत नाही, पण एक गोष्ट मला कळत नव्हती. मी म्हाताऱ्याला विचारलं, "काका, सून विष घालते हे लेकीने तुम्हाला सांगितलं असेलच ना?"

"सांगितलं होतं. ताटाला हात लावू नका म्हणाली."

"तरी जेवत होतात?"

"पोटभर."

"भीती नाही वाटली?"

"वाटायची की. रोज वाटायची." त्यांनी सुनेकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघत होते. "पण मी जेवतोय का ते बघायला ही दाराआड उभी राहायची. मी घास टाकला असता तर हिला वाटलं असतं, आता म्हाताराही गेला त्यांच्या बाजूला. मग घरात हिच्या बाजूचं कोण उरलं असतं?"

तेव्हा ती रडली. इतके दिवस ताठ बसलेली बाई पदर तोंडाला लावून हुंदके देत रडली. माझेही डोळे भरून आले, ते मी चष्मा पुसून निभावून नेलं.

थोड्या वेळाने नणंद उठून तिच्या खुर्चीपाशी गेली आणि खाली बसली. वहिनी, मला माफ कर, म्हणाली.

"वेळ लागेल मला," सून म्हणाली. "आत्ता लगेच नाही जमायचं." मग तिने डोळे कोरडे केले, सासऱ्यांना हाताला धरून उठवलं आणि मला विचारलं की बाबांना काय चालेल, काय नाही, ते सांगा, आजपासून त्यांचं जेवण मीच करणार आहे.

मी सांगितलं. ती नीट ऐकून निघाली. दारापर्यंत गेल्यावर नवऱ्याने मागून हळूच विचारलं, "आणि माझं?"

"तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली, आणि सासऱ्यांना जपून पायरी उतरवू लागली.